‘दिवाळी-०८’ : झिपला आपोआप दिलेल्या नावाचे एक प्रकरण

एका तालुक्याच्या गावी असलेल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅनिंग चालू होते. काम स्वयंसेवकांचे आणि सवड मिळेल तसे होणारे. सामग्री म्हणजे एक सपाट स्कॅनर, दोन संगणक आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. प्रत्येक अंकाच्या पृष्ठांच्या टिफ (चित्रांच्या) फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि अंक पूर्ण झाला की त्या फोल्डरची एक झिप, म्हणजे अनेक फाइली आवळून केलेली एकच फाइल, करून ती हार्ड डिस्कवर टाकायची, असा क्रम ठरलेला होता. झिप करण्याचे आणि तिला नाव देण्याचे काम आपोआप व्हावे, म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणारा लहानसा प्रोग्रॅम, लिहून दिली होती. त्या स्क्रिप्टने एका अंकाची १४८ पृष्ठे पुसून टाकली. ती कशी पुसली गेली आणि त्यानंतर नाव देण्याची पद्धत कशी बदलावी लागली, याची ही नोंद आहे.

चूक उघडकीला आली ती ग्रंथपालबाईंमुळे. एका वाचकाला १९८६च्या दिवाळी अंकातील एक कथा हवी होती, म्हणून त्यांनी त्या अंकाची झिप उघडली. कथा मिळाली, पण सहज पुढे चाळता चाळता त्या थबकल्या आणि मला म्हणाल्या, “अहो, ह्या शहाऐंशीच्या अंकात मोबाइल नंबर कसा आला?” भारतात मोबाइल सेवा सुरू झाली १९९५ साली. पाहिले तर झिपमधील पहिली १४८ पृष्ठे पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या एकरंगी छपाईची होती आणि १४९व्या पृष्ठापासून गुळगुळीत रंगीत कागद, सराफांच्या पानभर जाहिराती व त्यांच्याखाली दहा आकडी क्रमांक, असा सगळा थाट २१२व्या पृष्ठापर्यंत चालला होता. शेवटची ६४ पृष्ठे त्याच मासिकाच्या २००८च्या दिवाळी अंकाची होती, आणि २००८च्या अंकाची स्वतंत्र झिप डिस्कवर कुठेच नव्हती.

नाव एक, अंक दोन

उलगडा झिपच्या नावातच होता. ते होते ‘दिवाळी-०८’, आणि स्क्रिप्टने ते फोल्डरच्या नावावरून जसेच्या तसे उचलले होते. (प्रत्यक्षातील नावे रोमन लिपीत होती, येथे ती वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहे.) २००८च्या अंकाचे फोल्डर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने केले होते आणि त्याच्या दृष्टीने ‘०८’ म्हणजे अर्थातच २००८. दुसरे फोल्डर एका निवृत्त शिक्षक काकांचे. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर शके १९०८ ठळकपणे छापलेले होते आणि इसवी सन आत बारीक टायपात होता, त्यामुळे त्यांनी शकाचे शेवटचे दोन आकडे घेतले. दिवाळीच्या दिवसांत शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; १९०८ अधिक ७८ म्हणजे १९८६. दोघांचेही बरोबर होते, आणि दोन्ही फोल्डरे वेगवेगळ्या संगणकांवर असल्यामुळे एकाच नावाची दोन फोल्डरे झाली आहेत हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारणही नव्हते.

दोन झिपा एकाच नावाने एकाच डिस्कवर उतरल्या तर दुसरी पहिलीला पुसून टाकील, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे झाले असते तर बरे झाले असते, कारण मग उरलेली झिप निदान एकाच अंकाची राहिली असती. स्क्रिप्ट ज्या ‘झिप’ या कमांडवर उभी होती तिचे वागणे मात्र निराळे आहे. दिलेल्या नावाची झिप आधीच असेल तर ती कमांड नवी झिप तयार न करता जुनीच उघडते, आतल्या ज्या फाइलींची नावे जुळतात त्या बदलते, ज्या नव्या आहेत त्या भरते आणि उरलेल्यांना हात लावत नाही. रोज बदलणाऱ्या कागदपत्रांची झिप ताजी ठेवायची असेल तर ही सोय उत्तमच आहे. आमच्याकडे मात्र स्कॅनर प्रत्येक अंकाच्या पृष्ठांना ‘आयएमजी-०००१’ पासून तीच ती नावे देत होता आणि मी झिप सुटसुटीत दिसावी म्हणून आतील फोल्डरचा मार्ग गाळून टाकला होता. परिणामी २००८च्या अंकाची २१२ पृष्ठे आधी भरली गेली, नंतर १९८६च्या अंकाच्या १४८ पृष्ठांनी त्यांतील पहिल्या १४८ पृष्ठांची जागा घेतली आणि उरलेली ६४ होती तिथेच राहिली.

याहून वाईट गोष्ट अशी की तपासणीत ही झिप निर्दोष ठरली होती. झिपमध्ये प्रत्येक फाइलीसाठी सीआरसी-३२ हा तपासणी-अंक साठवलेला असतो आणि चाचणी घेताना तोच पडताळला जातो. आतली प्रत्येक फाइल अखंड होती, म्हणून चाचणीही पार पडली. त्या फाइली एकाच अंकाच्या आहेत की नाहीत, हे सांगणे सीआरसीचे काम नाही. चाचणी यशस्वी झाल्यावर मूळ टिफ फाइली संगणकावरून काढून टाकण्याची ओळ मी स्वतःच स्क्रिप्टमध्ये घातली होती, कारण जागा अपुरी पडत होती. सुदैवाने २००८चा छापील अंक कपाटात सुस्थितीत होता. पुन्हा स्कॅन करण्यात दोन रविवार गेले.

आधी काय काय करून पाहिले होते

फोल्डरच्या नावावर येण्याआधी आम्ही दोन टप्पे ओलांडले होते आणि दोन्ही वेळा चूक तीच होती, फक्त तिचा वेष वेगळा होता.

पहिल्या टप्प्यात स्क्रिप्ट नव्हतीच. फाइली निवडून उजवी टिचकी द्यायची आणि झिप करायची. अशा वेळी नाव कुठून येते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. विंडोजच्या स्वतःच्या सोयीने झिप केली तर निवडलेल्या फाइलींपैकी जिच्यावर टिचकी दिली तिचे नाव साऱ्या गठ्ठ्याला लागते. सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर अनेक फाइलींच्या वेळी त्या ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचे नाव सुचवते. मॅकवर केली तर सरळ ‘आर्काइव्ह’ असे नाव पडते आणि पुढच्या वेळी त्याला क्रमांक जोडला जातो. तीनही ठिकाणी नाव हाताला लागेल त्या गोष्टीवरून घेतलेले असते, गटाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. महिनाभरात डिस्कवर ‘आयएमजी-००३७’ आणि ‘स्कॅन’ अशा नावांच्या झिपा साचल्या होत्या.

दुसऱ्या टप्प्यात मला एक युक्ती सुचली होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. गटातील साऱ्या फाइलींच्या नावांचा आरंभीचा जेवढा भाग समान असेल, तेवढा उचलून तेच झिपचे नाव ठेवायचे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी तयार फंक्शन आहे. कोणीतरी पृष्ठांना ‘कखग-१९८१-दि-००१’, ‘कखग-१९८१-दि-००२’ अशी नीट नावे दिली असतील तर समान भाग ‘कखग-१९८१-दि-’ असा निघतो, शेवटची रेघ काढली की नाव तयार. पण हे फंक्शन केवळ अक्षराला अक्षर जुळवून पाहते. शब्द कुठे संपला आणि आकडा कुठे सुरू झाला, हे त्याला कळत नाही. एका अंकाची पृष्ठे दोन दिवसांत स्कॅन झाली, पहिल्या दिवशी ००१ ते ०९९ आणि दुसऱ्या दिवशी १०० ते १८०. पहिल्या गटातील सगळे आकडे शून्याने सुरू होतात, दुसऱ्यातील सगळे एकाने. त्यामुळे झिपा झाल्या ‘कखग-१९८१-दि-०’ आणि ‘कखग-१९८१-दि-१’. ग्रंथपालबाईंनी त्यांचा अर्थ ‘भाग शून्य’ आणि ‘भाग एक’ असा लावला आणि भाग दोन कुठे आहे म्हणून त्या तो शोधत बसल्या. नाव चुकीचे असते तर निदान शंका तरी आली असती. हे नाव अर्थपूर्ण दिसत होते, हीच अडचण होती.

देवनागरी नावांच्या बाबतीत ही युक्ती आणखी फसते. ‘अंतर्नाद’ आणि ‘अंतरंग’ या दोन शब्दांचा समान आरंभ घेतला तर ‘अंतर’ उरतो, म्हणजे भलताच तिसरा शब्द. आणि जुळणी अक्षरांऐवजी बाइटांची केली तर काहीच धड उरत नाही: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व त्यांतील पहिला बाइट सगळ्या चिन्हांना सारखाच असतो आणि दुसराही पुष्कळदा जुळतो, म्हणून समान भागाच्या टोकाला जवळजवळ नेहमीच एक किंवा दोन बाइटांचे तुटके शेपूट लटकते आणि पडद्यावर चौकट दिसते.

त्यानंतरचा टप्पा फोल्डरच्या नावाचा, ज्याची परिणती वर सांगितली आहे.

वेळेचा शिक्का का नको

प्रकरण घडल्यावर सर्वांत आधी सुचवला गेलेला उपाय असा की नावाच्या शेवटी तारीख आणि वेळ सेकंदांपर्यंत घालावी. तशी सोय विनरार या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वीपासून आहे. साचा दिला की चालू तारीख-वेळेवरून नाव तयार होते. रोजच्या बॅकअपसाठी ती पद्धत मला योग्य वाटते, कारण तेथे ‘केव्हा’ हाच गटाचा खरा परिचय असतो. दिवाळी अंकाची झिप कधी केली याच्याशी मात्र वाचकाला काही देणेघेणे नाही. शिवाय वेळेच्या शिक्क्याने आपापसांतील टक्कर टळली तरी एकच अंक चुकून तीनदा झिप झाला तर तीन वेगळी नावे तयार होतात आणि त्यांतली खरी कोणती, हे उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही. टक्कर झाली की निदान काहीतरी आपटल्याचा आवाज यावा. येथे आवाजच बंद करून टाकला जातो. नाव आधीच असल्यास शेवटी ‘-२’ जोडण्याचा मार्गही मी याच कारणासाठी नाकारला. तो ‘-२’ पुढे कोणी ‘भाग दोन’ असा वाचील, हे ‘भाग शून्य’च्या अनुभवावरून दिसतच होते.

म्हणून नवी स्क्रिप्ट नाव शोधत नाही, ते तिला नोंदवहीतून मिळते. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी नोंदवही होतीच; तिच्यावरून एक साधा तक्ता केला आणि प्रत्येक ओळीत मासिकाचा तीन अक्षरी संकेत, चार आकडी इसवी सन, अंकाचा प्रकार, पृष्ठसंख्या आणि नोंदीचा क्रमांक असे पाच रकाने ठेवले. स्कॅन करणाऱ्याने फोल्डरला फक्त नोंदीचा क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकावरून स्क्रिप्ट तक्त्यातील ओळ काढते, फोल्डरमधील फाइली मोजते आणि संख्या तक्त्यातील पृष्ठसंख्येशी जुळली तरच ‘कखग-१९८६-दि’ असे नाव बनवते. पृष्ठसंख्येचा रकाना मी नंतर, थोडा वैतागूनच घातला, पण सर्वाधिक चुका त्यानेच पकडल्या आहेत. चिकटलेली पाने आणि एकदम उलटलेली दोन पाने ही स्कॅनिंगमधील रोजची गोष्ट आहे.

दिवाळी अंकाच्या नावात महिना ठेवलेला नाही. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. १९८६ साली ती नोव्हेंबरच्या आरंभी होती आणि २००८ साली ऑक्टोबरच्या अखेरीस. त्यातच मुखपृष्ठावर बहुधा ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ असा जोडमहिना छापलेला असतो. ज्या बाबतीत दोन माणसे दोन उत्तरे देऊ शकतात, ती बाब नावात घातली की एकाच अंकाला दोन नावे मिळणार. मासिकांच्या इतर अंकांना मात्र महिना दोन आकडी द्यावाच लागतो, आणि वर्ष आधी, मग महिना, असाच क्रम ठेवावा लागतो, नाहीतर यादी लावताना सगळ्या वर्षांचे जानेवारी एकत्र येऊन बसतात.

शकाचे रूपांतर स्क्रिप्टने स्वतः करावे की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. दिवाळी अंकांपुरते ७८ मिळवणे सुरक्षित आहे. पण शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या अंकाला ७९ मिळवावे लागतात आणि मार्च-एप्रिलचा अंक पाडव्याच्या अलीकडचा की पलीकडचा हे पाहावे लागते. शेवटी असे ठरले की इसवी सन माणसाने अंक हातात घेऊन तक्त्यात लिहावा आणि शकाला वेगळा रकाना द्यावा. दोन्ही भरलेले असतील तर स्क्रिप्ट फरक ७८ किंवा ७९ आहे एवढेच तपासते, आणि तसा नसेल तर पुढे जात नाही.

दिसायला सारखे, असायला वेगळे

नावे रोमन लिपीतच ठेवायची, हा निर्णय मला मनापासून आवडलेला नाही. मराठी वाचनालयातील मराठी अंकांना मराठी नावे असावीत, असे कोणालाही वाटेल. पण एका फोल्डरने मला नमते घ्यायला लावले. दोन संगणकांवर ‘दुसऱ्या फेरीचे स्कॅन’ या नावाचे फोल्डर होते. दोन्हींतील फाइली एकत्र करून गट पाडले तेव्हा एकाऐवजी दोन गट पडले, आणि पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती. फरक ‘दुसऱ्या’मधील रफारासारख्या त्या छोट्या वळणात होता. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या प्रमाण संकेतात, ते दोन प्रकारे लिहिता येते: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. एका स्वयंसेवकाचा कीबोर्ड पहिल्या प्रकाराने लिहीत होता, दुसऱ्याचा दुसऱ्या प्रकाराने. युनिकोडच्या प्रमाण रूपांत बदल करून हे दोन एक होत नाहीत. मी अदृश्य चिन्हे सरसकट काढून पाहिली, तेव्हा ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, म्हणजे ‘दऱ्या’ लिहावे आणि ‘दर्या’ उमटावा, तसे.

याशिवाय लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल-रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते. तीन बाइटांच्या हिशेबाने देवनागरीत ती ८५ चिन्हांवर येते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘दिवाळी’ या तीन अक्षरी शब्दाचे १८ बाइट होतात. जुनी काही झिप उघडणारी सॉफ्टवेअरे आतील नावे यूटीएफ-८ म्हणून वाचतच नाहीत, तो भाग वेगळाच. तेव्हा झिपचे नाव रोमन संकेताचे आणि आत पहिली फाइल म्हणून अंकाचे पूर्ण मराठी नाव, संपादक, शक व सन यांची मजकूर-फाइल, अशी तडजोड केली.

आकाराचा प्रश्न थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ए-फोर आकाराचे पृष्ठ ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) पूर्ण रंगीत स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८ बिंदू होतात. प्रत्येकी तीन बाइट धरले तर एका पृष्ठाचे सुमारे २.६१ कोटी बाइट. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, म्हणजे न आवळता फार तर १६४ पृष्ठे. म्हणून मोठ्या अंकांचे भाग करावे लागतात, आणि भागाच्या नावात ‘भाग १’ऐवजी ‘पृ००१-१६०’ असा पृष्ठांचा पल्ला लिहिला जातो. पल्ल्यांत खंड पडला तर तो नुसती यादी पाहूनही दिसतो.

आता स्क्रिप्ट झिप आधी तात्पुरत्या नावाने तयार करते, तपासते आणि मगच खरे नाव देते. फाइल उघडण्याचा प्रकारही बदलला आहे: पायथनच्या झिपफाइल मॉड्यूलमध्ये ३.५ आवृत्तीपासून ‘एक्स’ हा प्रकार मिळतो, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो तिच्यात काही भरण्याऐवजी चूक दाखवून थांबतो. खरे नाव देण्यापूर्वीही तेच नाव डिस्कवर आहे का, हे पाहिले जाते. असेल तर दोन्ही झिपांमधील फाइलींचे एसएचए-२५६ (आतल्या मजकुरावरून काढलेले ओळख-अंक) ताडून पाहिले जातात. सगळे सारखे निघाले तर नवी झिप फेकून दिली जाते. एक जरी वेगळा निघाला तर काहीही न करता तो अंक ‘अडलेले’ नावाच्या यादीत जातो. मूळ टिफ फाइली काढून टाकण्याची ओळ आता स्क्रिप्टमध्ये नाही; ते काम ग्रंथपालबाई महिन्यातून एकदा यादी समोर ठेवून स्वतः करतात.

‘अडलेले’ यादीत सुरुवातीला बरीच गर्दी झाली आणि काकांनी, “तुमची स्क्रिप्ट आता फारच नखरे करते,” अशी तक्रारही केली. बहुतेक नोंदी पृष्ठसंख्येतील फरकाच्या होत्या आणि त्या हळूहळू निकालात निघाल्या. एक मात्र अजून आहे. त्या अंकाला मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिकेचे पान अर्धे फाटलेले आहे आणि सन किंवा शक कुठेही उरलेला नाही. आतील जाहिरातींतील दूरध्वनी क्रमांक पाच आकडी आहेत, एवढाच काय तो धागा. सनाचा रकाना रिकामा असल्यामुळे स्क्रिप्ट त्याला नाव देत नाही. त्याच्या टिफ फाइली नोंदीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये तशाच सुट्या ठेवल्या आहेत आणि छापील अंकावर ग्रंथपालबाईंनी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाचली आहे: ‘साल माहीत असल्यास कळवावे.’